एकट्यापुरतं तिखट

रविवार, मार्च १९७६. संध्याकाळ.

हातांची नुसती आग होऊन राहिली आहे. सकाळपासून भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत होते. हे डॉक्टर म्हणून दोन वर्षांसाठी सामोआला चाललेत, आणि सोबत मी. त्या बेटावर आपलं तिखट कुठलं मिळायला? म्हणून दोघांना पुरेल एवढं करायला घेतलं.

सासूबाई परातीजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "इतक्या मिरच्या काहून घेतल्या वं? त्याले एकट्याले किती लागते?"

एकट्याले!

मी यांच्याकडे पाहिलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तुझं पुढे पाहू ना. आईजवळ कोणी नको का?"

म्हणजे मायलेकांचं ठरलेलंच होतं. मग गेल्या आठवड्यात मी शाळेचा राजीनामा लिहिला, तेव्हा काहून नाही बोलले? उलट मसुदा यांनीच दुरुस्त करून दिला. समोर बसून, चहा पीत!

हात तीनदा धुतले, आग जात नाही. मिरच्या परातीत तशाच पडल्या आहेत. उद्या आधी शाळेत जाऊन राजीनामा परत मागते. एकट्याला लागणारं तिखट एकट्यानंच कांडावं.