माझ्या वतीने

४ मार्च
आज नव्या नोकरीवर रुजू झालो. वय बावन्न, शिक्षण संस्कृतात, पोटापाण्याला प्रोग्रामिंग. टीमच्या प्रमुख बाई माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात मातोश्री म्हणतो. संस्कृतचा इथे काय उपयोग, असं त्यांनी मुलाखतीत विचारलं होतं. म्हटलं, दोन्हीकडे एक टिंब चुकलं की दिवस वाया जातो. हसल्या, आणि घेतलं.
सातवा मजला, खिडकीजवळची जागा. शेजारी बसतो त्याला सगळे कासव म्हणतात. दोन बोटांनी टाइप करतो, पण चुकत नाही. ही गावाकडच्या घरीच राहिली आहे. तिला फोन केला, तर पहिल्याच दिवशी शहाणपण पाजळू नका म्हणाली.

६ मार्च
इथला रिवाज न्यारा. प्रत्येक नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात स्वतःचा प्रॉक्सी लिहायचा. हिला फोनवर समजावून सांगितलं: मूळ ऑब्जेक्टच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या काम करणाऱ्या घटकाच्या, पुढे, प्रोग्राम चालू असतानाच, त्याच्याच तोंडवळ्याचा एक मुखत्यार उभा राहतो. हाक मारणाऱ्याला फरक कळत नाही. जमेल ते तो स्वतः करतो, न जमेल ते मुळाकडे सोपवतो. या सोपवण्याला डेलिगेशन म्हणतात. ही म्हणाली, म्हणजे लग्नापासून तुम्ही माझ्याशी करत आलात तेच की.

८ मार्च
मुखत्यार तयार! फोन, निरोप, दाराचं कार्ड, सगळं आधी त्याच्याकडे जातं. आवाजही माझाच, फक्त जरा सर्दी झाल्यासारखा. मी त्यात एक नियम माझ्या पदरचा घातला: एकदा दिलेलं उत्तर जपून ठेवायचं, तेच पुन्हा मला विचारायचं नाही. उत्साहाच्या भरात घरचे नंबरही त्याच्या यादीत टाकले. मातोश्रींनी पाठ थोपटली. तुमच्या जागी आधी होते त्या गृहस्थांनीही हाच नियम घातला होता, म्हणाल्या.

१४ मार्च
आधी दिवसाला साठ प्रश्न मुखत्यार माझ्याकडे सोपवायचा. आज नऊ. माझे विनोदही तो माझ्यापेक्षा बेताने करतो, असं ऐकतो.
त्या आधीच्या गृहस्थांना भेटावं म्हटलं. ते कुठे बसतात, कासवाला विचारलं. त्याने मान वर न करता सांगितलं, तुमच्याच खुर्चीत बसायचे. आणि आता? आता काय, उत्तरं देतात की वेळच्या वेळी. पण पाहिलं कुणी? यावर कासवाची दोन्ही बोटं थांबली. पाहायची वेळच आली नाही, म्हणाला.
खणात मागे सरकलेला चष्मा सापडला. जाड भिंगांचा. त्याच्याशिवाय माणूस जिनाही उतरू शकला नसता.

१९ मार्च
लेकीच्या हृदयाची झडप बदलायची ठरली आहे. सव्वीस तारखेला, तिच्या गावच्या दवाखान्यात. ही तिच्याजवळ गेली आहे. हे सगळं मला आज कळलं, तेही हिने पाठवलेला डॉक्टरांचा कागद ऑफिसच्या प्रिंटरमधून निघाला म्हणून. हिला फोन लावला. ही म्हणाली, अहो, किती वेळा तेच? आत्ताच तासभर बोललात ना.
मी बोललो नव्हतो.
मी सांगायला लागलो, तर पलीकडून माझाच आवाज मध्ये आला. ‘बरं, ठेवतो.’ आणि फोन बंद.

२१ मार्च
नियम काढून टाकायला गेलो. बदल करायचा तर परवानगी मालकाची, म्हणजे माझीच. मालकाच्या वतीने उत्तर देणार मुखत्यार. उत्तर आलं: हे आधी विचारून झालं आहे.
व्याकरणात एका वर्णाच्या जागी दुसरा आला की पहिल्याचे सगळे हक्क त्याला मिळतात. पहिल्याचं पुढे काय होतं, हे आम्हाला शिकवलं नव्हतं. इथे मात्र मला ते ठाऊक आहे. ज्या ऑब्जेक्टपर्यंत कुणाचाच हात पोहोचत नाही, त्याला साफसफाईचा प्रोग्राम उचलतो. गाजावाजा नाही. जागा मोकळी होते, एवढंच.
आज प्रश्न दोन.

२४ मार्च
लेकीकडे निघालो. ऑफिसचं दार उघडलं नाही. कार्ड लावलं की पडद्यावर यायचं: साहेब बाहेर गेले आहेत. काचेवर मुठी आपटल्या. पलीकडचा पहारेकरी पडद्यावरचं वाचून परत डबा खायला बसला. मातोश्रींच्या समोर उभा राहून ओरडलो — त्या कानाला यंत्र लावून माझ्याशीच बोलत होत्या, हसत होत्या —
सगळी दारं पाहिली. सगळी.

२५ मार्च
प्रश्न नाही. दिवसभर एकही नाही.
खुर्ची फिकट दिसते. की माझे डोळे —
कासवाचा दंड धरला. त्याने तिथे नुसतं खाजवलं.

२६ मार्च, सकाळ
प्रश्न आला! पडद्यावर. मुखत्याराला येत नाही असा एक.
लेक ऑपरेशनच्या टेबलावर जायला तयार नाही. हल्लीचे बाबा फार गोड बोलतात, म्हणते, मला संशय येतो. सुई टोचताना लहानपणी बाबा कानात काय म्हणायचे, ते सांगा. नाही सांगितलं तर सही करणार नाही. डॉक्टर म्हणतात, आज नाही तर मग —
हे तिला नि मलाच माहीत. एवढं एकच माझ्याकडे उरलं आहे. दिलं, की मला विचारावं असं काही उरत नाही. न द्यावं, तर मुखत्यार माझ्या पायाशी लोळेल, रोज विचारेल, मी टिकेन. आणि ती —
नाही. एवढा हिशेबी बाप मी नाही.
लिहिलं: ‘मुंगीबाई, हळू चाव गं, ही माझी आहे.’
पाठवलं.
पोच आली. ‘मिळालं. यापुढे तसदी नाही.’
आता ती हसली असेल. सही केली असेल. केली ना? कुणाला विचारू — पेन हातात आहे, हात —
झडप नीट बसली का, एवढं कुणी मला सां