पहिल्या धारेचं पाणी

२ सप्टेंबर

आलो एकदाचे. सामानात फक्त एक बशी फुटली, आणि ती बायकोच्या माहेरची नव्हती, तेव्हा दिवस चांगला गेला म्हणायचा. पाणीपुरवठा खात्याने दिलेलं घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्याला मोठी खिडकी. आधीच्या घरात भरदिवसा दिवा लावून भाजी चिरावी लागे, म्हणून बायको आज उजेडात खुर्ची टाकून नुसती बसून राहिली.

लेकीलाही घर आवडलं. सहा वर्षांची आहे. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तिची टकळी चालू असते, म्हणून आम्ही तिला टकळीच म्हणतो. खरं नाव आता शाळेच्या दाखल्यापुरतं उरलंय. आल्या आल्या तिने खिडकीचं, कपाटाचं आणि मोरीतल्या बादलीचं बारसं उरकलं. बादलीचं नाव ढमाबाई. ढमाबाईशी बराच वेळ गप्पा झाल्या.

शेजारीण पाणी घेऊन आली. आमच्याकडे काही नसलं तरी पाणी गोड आहे, म्हणाली. मला हसू आलं. आयुष्य पाणी तपासण्यात गेलं, आणि ज्याला त्याला आपल्या गावचं पाणी गोडच लागतं हे मी ऐकत आलोय. पण प्यायलो तर खरंच किंचित गोड होतं.

४ सप्टेंबर

कामावर रुजू झालो. प्रयोगशाळा लहान आहे, पण नेटकी. साहेब देवमाणूस. मी कोण हे त्यांनी सकाळपासून तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तितक्याच आनंदाने स्वागत केलं. वय झालं की असं व्हायचंच, असं म्हणणार होतो, पण ते माझ्याहून फार मोठे नसावेत.

बाहेर बाकावर एक माणूस बसून असतो. माझ्या आधी माझंच काम करायचा, मग म्हणे डोक्यावर परिणाम झाला. खात्याने दयेपोटी त्याला बसू दिलंय. त्याचा एकच चाळा. दिसेल तो नळ सोडायचा आणि पाणी वाहताना बघत उभं राहायचं. सगळे त्याला नळसोड्या म्हणतात. आज त्याने हात धुवायचा नळ सोडला, मी जाऊन बंद केला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो.

७ सप्टेंबर

स्वयंपाकघरातला कट्टा पुसताना खालची नळी दिसली. करडी, मऊ, नखाने ओरखडा उठतो. शिशाची. या गावात रस्त्यातल्या मोठ्या जलवाहिनीपासून घरात येणारी नळी घरोघरी अशीच आहे म्हणे. शिसं पोटात जाणं वाईट, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. बायकोचा चेहरा पडला.

म्हणून आज घरच्याच नळाचा नमुना घेतला, अगदी नियमाने. नियम असा की आधी नळ भरपूर वाहू द्यायचा, पाणी थंडगार आणि स्वच्छ यायला लागलं की मगच बाटली लावायची. घाईगर्दीत इतर लोक बाटली तशीच भरतात. मी नाही. याच हट्टावरून मागच्या नोकरीत माझी टिंगल व्हायची. मी नळ सोडला, वाट पाहिली, बाटली भरली आणि तिच्यात औषधाचा थेंब टाकला. शिसं असेल तर पाणी काळं पडतं. पाणी जसंच्या तसं राहिलं. नळीला आतून जुना थर बसला असणार, म्हणून शिसं पाण्यात उतरत नाही. बायकोला सांगितलं, बिनधास्त प्या.

१८ सप्टेंबर

टकळीच्या शाळेत जाऊन आलो. मला वाटलं होतं, तक्रार असेल. बाईंनी उलट कौतुकच केलं. या शाळेत छडीची गरज पडत नाही म्हणे, मुलं स्वभावानेच शांत. खरंच, भरलेला वर्ग आणि आवाज फक्त पंख्याचा. टकळी तेवढी शेजारच्या मुलीला काहीतरी सांगत होती आणि ती मुलगी भिंतीकडे बघत होती. बाई म्हणाल्या, काळजी करू नका, नवीन मुलं सुरुवातीला बोलतातच.

बाई हसल्या तेव्हा त्यांच्या हिरड्यांवर दातांच्या कडेने बारीक निळसर रेघ दिसली. शेजारणीलाही तशीच आहे. इथे कसलं दंतमंजन वापरतात कोण जाणे.

३० सप्टेंबर

घडी बसली. बायको उठली की सगळ्यात आधी कळशी भरते. शेजारणीने तिला शिकवलंय की सकाळची पहिली धार सर्वांत गोड, ती वाया घालवू नये. मीही टकळीला सवय लावली आहे, उठल्याबरोबर पेलाभर पाणी. आधी नाटकं करायची, आता दोन्ही हातांनी पेला धरून गटागटा पिते. तब्येतीला चांगलं.

९ ऑक्टोबर

टकळीचं पोट वारंवार दुखतंय. चिडचिडी झाली आहे. काल तिने ढमाबाईला लाथ मारली. बादलीशी भांडलीस का, असं मी गमतीने विचारलं, तर बादलीचं नाव तिला आठवेना. डॉक्टर म्हणाले, हवापालट झाला की मुलांचं असं होतं. औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता ते थांबले आणि मी कशासाठी आलोय ते त्यांनी पुन्हा विचारलं.

मलाही थकवा आहे. आज प्रयोगशाळेत ते काचेचं, लांब, खाली निमुळतं असतं ते, त्याचं नाव आठवेना. रोज हातात असतं.

१७ ऑक्टोबर

घरात आवाज नाही. टकळी खिडकीशी बसून असते. हाक मारली की उशिराने मान वळवते. मुलीने जरा गप्प बसावं म्हणून मी किती वेळा ओरडलोय. आता तिने बडबड करावी म्हणून मी ढमाबाईच्या आवाजात बोललो. तिने नुसतं पाहिलं.

दात घासून देताना तिचा ओठ वर केला. हिरड्यांवर निळी रेघ आहे. बारीक, पेन्सिलीने ओढल्यासारखी. मग आरशात माझे दात पाहिले, तिथेही तीच, आणि शिकताना वाचलेल्या पुस्तकातलं विषबाधेचं पान डोळ्यांपुढे आलं. ही शिशाची रेघ, शिसं अंगात भिनलं की उठणारी. पुस्तक वाचलेल्या मला ती सप्टेंबरात दंतमंजनाची वाटली होती.

२० ऑक्टोबर

घरचा नळ पुन्हा तपासला. आधी वाहू दिला, नियमाने. स्वच्छ. शेजारणीचा तपासला, शाळेचा तपासला. स्वच्छ. पाणी कुठेतरी मुरतंय आणि मला दिसत नाही. माझ्यासारखा काळजीपूर्वक तपासणारा या खात्यात दुसरा नाही, तरी दिसत नाही.

२२ ऑक्टोबर

टकळीचा सकाळचा पेला कळशीतून भरून ठेवलेला होता. तिने हात लावायच्या आत मी तो उचलला, बाटलीत ओतला, घेऊन गेलो. थेंब टाकला. पाणी काळं झालं. काळं म्हणजे शाई.

नळ तोच, नळी तीच. मी सोडून घेतलेलं पाणी स्वच्छ, आणि कळशीतलं काळं.

बाटली हातात घेऊन बसलो तेव्हा कळलं. रात्रभर पाणी त्या नळीत पडून राहतं आणि शिसं ओढून घेतं, तो गोडवा शिशाचाच. सकाळची पहिली धार ती. ती पेल्यात जाते, चहात जाते, बाळांच्या दुधात जाते. मी मात्र नळ वाहू देतो, विष मोरीतून निघून जातं, आणि मग मी बाटली लावतो. जे पाणी मी तपासतो ते कुणी पीत नाही, आणि जे लोक पितात ते मी एकदाही तपासलं नाही. इतक्या काळजीने, इतक्या नियमाने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बिनधास्त प्या, असं मी माझ्या तोंडाने म्हणालो होतो.

घरी निघालो तेव्हा नळसोड्या बाकाजवळचा नळ सोडून उभा होता. आज मी बंद केला नाही. याने हेच शोधून काढलं असणार. कारण विसरला, उपाय तेवढा हातात राहिला.

२३ ऑक्टोबर

बायकोला सांगितलं. कळशी ओतून दिली. आता आधी नळ वाहू द्यायचा आणि मगच भरायचं.

साहेबांना काळं पाणी दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा नातू पाच वर्षांचा झाला तरी अजून आजोबा म्हणत नाही, हे त्यांनी मला सांगितलं. उद्याच गावभर दवंडी पिटू म्हणाले, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

२४ ऑक्टोबर

दवंडी नाही. साहेबांकडे गेलो तर त्यांनी उठून माझं स्वागत केलं आणि मी कोण ते विचारलं. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, पुन्हा बाटली दाखवली. त्यांना पुन्हा रडू आलं. पुन्हा त्यांनी नातवाबद्दल सांगितलं.

२७ ऑक्टोबर

रोज सांगतो आणि रोज ते रडतात. दर वेळी तितकंच खरं. ढोंगी माणूस असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. या माणसाशी काय भांडू?

दारोदार फिरलो. लोक चांगले आहेत. ऐकतात, माना डोलावतात, आभार मानतात, प्यायला पाणी देतात. दुसऱ्या दिवशी पहिली धार पुन्हा कळशीत. पालथ्या घड्यावर पाणी.

घरी चहा प्यायलो. गोड लागला, साखर न घालता. कुठल्या पाण्याचा, असं बायकोला विचारलं. तिने कळशीकडे बोट दाखवलं, मग नळाकडे.

३१ ऑक्टोबर

निघायचं. नोकरी गेली खड्ड्यात. परवा टेम्पो येईल, सांगून ठेवलंय. टकळीला मोठ्या गावातल्या डॉक्टरकडे न्यायचं. अजून वेळ गेलेली नाही, ती माझी बोटं ओळखते, बोट धरते. इथे ठळक लिहून ठेवतो. टेम्पो येणार. जायचं. काहीही झालं तरी जायचं.

नोव्हेंबर, सुरुवातीचा

सकाळी दारात टेम्पो आला. हमाल सामान उचलायला लागले. चांगलंच झापलं त्यांना, पत्ता चुकलाय म्हणून. टेम्पोवाला म्हणत होता, तुम्हीच बोलावलंत. चोराच्या उलट्या बोंबा. परत पाठवला.

त्याच दिवशी, दुपारी

वही उघडली. वरचं वाचलं.

रस्त्यापर्यंत धावलो. टेम्पो —

टकळी दारात उभी होती. तिला वाटलं, मी खेळतोय.

नोव्हेंबर

स्वयंपाकघरात भिंतीवर कोळशाने लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात. आधी नळ सोडा. माझं अक्षर आहे. नळाच्या वरच आहे, म्हणजे विसरायला नको.

बायको रोज वाचते. आज ती मला म्हणाली, सोडते की मी, पण ते वाया कशाला घालवायचं, खाली कळशी लावते.

नोव्हेंबर, तारीख बायकोला विचारतो

तिलाही माहीत नाही.

प्रयोगशाळेच्या दाराशी एक नवीन माणूस आला होता. उत्साही आहे. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. फार महत्त्वाचं. तोंड उघडलं, पण शब्द — मग मी त्याचा हात धरून त्याला नळापाशी नेलं आणि नळ सोडला. त्याला कळेल असं वाटलं.

त्याने बंद केला. पाणी वाया जातं म्हणाला.

बाकावर नळसोड्या आणि मी, दोघं मावतो आम्ही.

आज

नळ सोडायचा. भिंतीवर लिहिलंय. का ते — मुलीशी काहीतरी आहे. मुलीला काहीतरी होणार आहे किंवा झालं आहे.

मी सोडतो. बायको बंद करते. मी सोडतो.

सकाळ

टकळी आली. पेला दोन्ही हातांनी धरलेला, काठोकाठ. कळशीतला. ती एक थेंबही सांडत नाही, शहाणी आहे. मला या पेल्याची भीती वाटते. का वाटते ते या वहीत असेल, मागच्या पानांवर, पण अक्षरं हलतात —

तिने पेला माझ्यापुढे धरला आणि ती बोलली. किती दिवसांनी बोलली. मी तिचा आवाज विसरलो होतो. बाबा, म्हणाली. गोड आहे.

माझी लेक बोलली. नाही कसं म्हणू तिला. ती बघते आहे, पुन्हा बोलेल, मी प्यायलो की आणखी बोलेल. पेला घेतला. गार आहे. नळ सोडायला हवा होता आधी, नळ —

ती हसते आहे. मी एक घोट