पुढची सीट

२ ऑक्टोबर, सोमवार

पडलो. दोघंही, सायकलसकट! चेर्ता गावाच्या अलीकडे, जिथे शेताचा रस्ता हिरव्या वाटेला आडवा जातो तिथे. गाड्या आत घुसू नयेत म्हणून वाटेच्या मधोमध लाकडी खांब रोवलाय, त्याच्यावरच अगुस्तीने पुढचं चाक घातलं. इतकी वर्षं आम्ही त्या खांबाच्या डावीकडून जातोय. मी मागच्या सीटवर मान वळवून गळ्यातला रुमाल सोडत होते – काही कळायच्या आत संत्र्यांच्या बागेच्या कडेला आडवी. त्याचं ढोपर फुटलं, माझं कोपर सोलवटलं. हाडं शाबूत.

"ऊन डोळ्यांवर आलं," म्हणाला.

आभाळ भरलेलं होतं. नवरा ढोपर धरून बसलेला असताना आभाळावरून वाद घालायचा नसतो.

एक बरं – तिथे मागून लॉरी येत नाही. याच कारणासाठी आम्ही मोठा रस्ता सोडून जुन्या रेल्वेच्या या हिरव्या वाटेवर आलो. आज रस्त्यावर पडलो असतो, तर हे लिहायला मी उरले नसते.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सायकल ढकलत जुन्या स्टेशनावर नेली. पूर्वी तिकीटखिडकी होती तिथे फेर्रान आता पंक्चर काढतो. पुढची रिम गेलीय. दोन सीटची सायकल म्हणजे पाहुण्यासारखी – घरात जागा अडवते आणि बिघडली की दुप्पट त्रास.

दारात एक उंच माणूस बाहेर पडत होता. अगुस्तीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय रे फेर्रान, दुकान वाऱ्यावर सोडून कुठे?" तो जर्मन पर्यटक निघाला, बिचारा बघतच राहिला. आतून खऱ्या फेर्रानचा आवाज – "अगुस्ती, मी इतका देखणा असतो तर पंक्चर काढत बसलो असतो का?"

सगळे हसले. मीही हसले. घरी येताना मात्र तेच डोक्यात. फेर्रान आणि तो एकाच बाकावर शिकले. पन्नास वर्षांची ओळख.

४ ऑक्टोबर, बुधवार

बसताना दोघंही कण्हतो. आज सायकल नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार

फेर्रानने रिम बदलून दिली. त्याच्याच व्हॅनने वर डोंगरातल्या बोत गावापर्यंत गेलो आणि तिथून खाली सुटलो. वरचा वारा सुटलेला, घरापर्यंत पाठीवर. असल्या दिवशी पॅडल मारणं म्हणजे नुसतं नावाला.

पण प्रत्येक फाट्यावर याला थांबायचं होतं! पहिल्या फाट्यावर पाणी प्यायचं होतं. दुसऱ्यावर फोटो काढायचा होता – डोंगराचा, जो तो लहानपणापासून बघतोय. तिसऱ्यावर लघवी. चौथ्यावर पुन्हा लघवी. दर वेळी उतरायचं, सायकल हाताने धरून खांबापलीकडे न्यायची, मग बसायचं.

"आज फारच घाई लागलीय तुला," मी म्हटलं.

"वय झालं."

हा माणूस वय झालं म्हणतोय? याने साठीच्या केकवरच्या मेणबत्त्या लपवल्या होत्या.

बोगद्यांत मात्र झक्क चालवली. आतले निम्मे दिवे बंद, तरी एकदाही डगमगला नाही. काळोखात सरळ जातो आणि लख्ख उजेडात उतरतो. बोगद्यात खांब नसतात – हे माझ्या डोक्यात शिरलं आणि पुढची सगळी वाट मला ना नदी दिसली, ना बगळे. त्याची पाठ तेवढी दिसत होती.

बेनिफायेतच्या स्टेशनावर डबा सोडला. पाव पोखरून आत हेरिंग मासा, भाजलेला टोमॅटो, लसूण – आमची नेहमीची क्लोचा. तो पावाकडे मान तिरकी करून बघत होता, कोंबडी दाण्याकडे बघते तसा. असा कधीपासून बघतोय? रोज समोर बसून जेवते मी. माझं लक्ष कुठे होतं?

वसंतात गाडी विकली. म्हणाला, पाय धड आहेत तोवर पेट्रोल कशाला जाळायचं. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगत फिरले होते.

९ ऑक्टोबर, सोमवार

आमच्या लेकीचा, रोझेचा फोन. गुरुवारची सुट्टी जोडून बार्सिलोनाहून येतेय, उद्या नाही, परवा नाही, शुक्रवारी. ओनाला घेऊन. सायकलला मागे जोडायची छोटी गाडी विकत घेतलीय, तीन वर्षांच्या मुलीला नीट बसेल अशी.

"शनिवारी ती गाडी तुमच्या सायकलला जोडा," म्हणाली. "मी माझ्या सायकलवर मागून येते. बाबांच्या मागे ओना असली की मला कसली काळजी नाही."

त्याने फोन ओढून घेतला. "आजोबा तुला बगळे दाखवतील हं, सोनुल्या." आणि हो, हो, हो, सगळ्याला हो.

मी भात ढवळत उभी होते. ढवळतच राहिले. भित्री आहे मी. खांब, तो, आणि मागे ती पोर – रात्रभर हेच.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आडून प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, इतकी वर्षं तुझी पाठ बघून कंटाळले, शनिवारी मला पुढे बसू दे.

"तू? तुला डावं-उजवं सांगता येत नाही. कोणी पत्ता विचारला की नदीच्या वरच्या अंगाला, नदीच्या खालच्या अंगाला!"

"आपलं अख्खं तोर्तोसा गाव असंच सांगतं."

"अख्खं तोर्तोसा हँडल धरत नाही."

हसत म्हणाला, पण हात कपाभोवती घट्ट होते. मग म्हणाला, "माझी सीट आहे ती, सिंता." विषय संपला. मी भांडी जरा जास्तच आपटून घासली.

११ ऑक्टोबर, बुधवार

बोलले!

दुपारी गच्चीवर बसून तो बदाम फोडत होता. मी समोर खुर्ची ओढली. मनात चार वाक्यं जुळवली होती, तोंडातून एकच आलं. "अगुस्ती, तुला मी दिसतेय का?"

दोन बदाम फोडले त्याने. तिसरा हातातच राहिला.

"तुझे कान दिसतात," म्हणाला. "केस दिसतात. मागची कुंडी दिसते. मधे... पुसल्यासारखं आहे."

समोर, बरोब्बर मधोमध, काही नाही. कडेकडेचं सगळं दिसतं. म्हणून वाट दिसते, दोन्ही बाजूंची झाडं दिसतात, बगळेसुद्धा दिसतात. वाटेच्या मधला खांब दिसत नाही. दीड वर्ष झालं. तारागोनाला दातांसाठी म्हणून दोनदा गेला होता ना – दात ठणठणीत आहेत त्याचे. डॉक्टर म्हणाले, पूर्ण अंधार होणार नाही, पण गेलंय ते परत यायचं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला उतरवलं असतंस."

"उतरवलंच असतं."

"मग?"

मला इतका राग आला की रडूच आलं. आणि रडता रडता जाणवलं की अंगातून काहीतरी ओझं उतरतंय. तो आजारी नाही, विसराळू झालेला नाही, वेडा होत चाललेला नाही. फेर्रानला विसरला नव्हता तो – त्याचा चेहरा दिसला नव्हता. गेला आठवडाभर मी काय काय मनात आणलं होतं ते इथेसुद्धा लिहायची हिंमत झाली नव्हती. डोळे आहेत. फक्त डोळे. देवा, हुश्श!

तोही रडला. मग म्हणाला, "बदाम मात्र मीच फोडणार. त्याला बघावं लागत नाही."

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. गाव झोपलेलं असताना लाल पुलावर सराव. मी पुढे, तो मागे. जड आहे हो हे! हँडल धरलं की कळतं, मागे बसून आपण किती फुकटचे सल्ले देत होतो. पुलाच्या मधोमध मी एका पाववाल्या बाईच्या अंगावर जाता जाता वाचले.

"ब्रेक," तो मागून.

"माहितेय."

"मग लाव."

पलीकडे पोचेपर्यंत आमचं लग्न मोडायची वेळ आली. परत येताना एकदाही पाय टेकला नाही. तो शीळ वाजवत होता. त्या सीटवरून मी कधी शीळ वाजवल्याचं आठवत नाही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

रोझे आली. त्यानेच सांगितलं, दारातच, तिची बॅग हातात असताना. ती आधी चिडली – माझ्यावर! मग त्याच्या गळ्यात पडली. मग डॉक्टरचं नाव, दुसऱ्या डॉक्टरचं नाव, बार्सिलोनातल्या तिसऱ्या डॉक्टरचं नाव. ओनाने मधेच विचारलं, "आजोबा, माझं नाक दिसतं का?" त्याने मान तिरकी केली आणि म्हणाला, "आता दिसलं. शेंबूड पूस."

छोटी गाडी रोझेच्याच सायकलला लागणार. कोणाला कोणाची समजूत काढावी लागली नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

झालं. नीट पार पडलं.

बेनिफायेतहून खाली, वारा पाठीशी. पुढे आम्ही, मागे रोझे आणि डुलक्या घेणारी ओना. वाटेत एकही इंजिन नाही, हॉर्न नाही, फक्त आमची चाकं आणि कालव्याचं पाणी. खांब आला की मी मोठ्याने ओरडायचे – "खांब!" – आणि मागून उत्तर, "बरं, बाई." चेर्त्याजवळच्या त्या खांबाच्या डावीकडून गेलो. मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

बगळे त्यानेच आधी दाखवले. कडेला होते ना.

पूल ओलांडून गावात शिरलो. गोड करंजीसारख्या पास्तिसेतची बशी समोर आली तेव्हा भूक सडकून लागली होती. कित्येक दिवसांत अशी लागली नव्हती. सहा खाल्ले. रोझे म्हणाली, आई, पुरे. नाही पुरे.

१६ ऑक्टोबर, सोमवार

रोझे गेली. आज दोघंच. वारा पडलेला, वाटेवर चिटपाखरू नाही. चढावर मी सहज विचारलं – दीड वर्ष समोरचं दिसत नव्हतं, मग इतके खांब चुकवलेस कसे?

"तुझ्या पायांवरून," मागून म्हणाला. "चेन एकच आहे ना. खांब यायच्या आधी तुझे पाय पॅडलवर जड व्हायचे. की मी डावीकडे घ्यायचो. पडलो त्या दिवशी ते जड झालेच नाहीत, तू रुमाल सोडत होतीस. मला वाटायचं, पाय असे जड होतात ते तुला माहीत आहे."