लुईस ‘हो’ म्हणाला

२८ एप्रिल २००३

बिल्डरचा माणूस आला! जयवंत नाव. पेढ्यांचा बॉक्स घेऊन. आमचं बावखल बुजवून तिथे चार मजली इमारत बांधायची म्हणे. एवढं मोठं तळं, सहा घरांच्या वाड्या त्याच्या पाण्यावर जगतात, आणि हा त्याला ‘खड्डा’ म्हणाला! मी त्याच्या चहात साखर कमी घातली.

बावखल सहा घरांचं सामाईक. सहाही घरं हो म्हणाल्याशिवाय त्यातली ओंजळभर मातीही विकता येत नाही. पाण्याच्या पाळ्या आजोबांच्या वेळेपासून ठरलेल्या. पलीकडच्या आळीतलं बावखल एकट्याच्या नावावर होतं. आठवड्यात बुजलं. आता तिथल्या विहिरी खारट झाल्यात आणि दारात टँकर उभा असतो.

सॅन्टनने जयवंतला काय सांगावं? “आमची काही हरकत नाही. फक्त आमच्या लुईसला विचारा.” नवऱ्यावर डोळे वटारणार होते, तर माझ्याही तोंडून तेच निघालं. घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं! आणि लुईस आहेच की. सॅन्टनचा चुलतभाऊ, जन्माचा आडमुठा. रस्ता, दिव्याचा खांब, लग्नाचा मांडव — सगळ्याला त्याचं नाही असतं.

३० एप्रिल

जयवंत लुईस सोडून बाकी पाचही घरी जाऊन आला. पाचही घरी चहा, पाचही घरी “हरकत नाही, लुईसला विचारा.” उद्या लुईसकडे जाणार. बिचारा!

१ मे

लुईस हो म्हणाला.

४ मे, रविवार

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात पाचही घरं जमली. “त्याला झालं तरी काय?” “एरवी साध्या गोष्टीला नाही, आणि आत्ताच कुठून हो सुचलं?” सगळे लुईसवर चिडलेले. म्हणजे विकायचं कुणालाच नाही!

“मग तुम्ही सगळे हो का म्हणालात?” आमच्या लेकीने, एलिनाने विचारलं. कॉलेजात पर्यावरण शिकते. “ऊन वर्षागणिक वाढतंय, पाऊस लहरी झालाय. पाणी मुरवायला दुसरं काय आहे आपल्याकडे? सगळ्यांचा हक्क आहे म्हणून तर बावखल वाचलंय. मग सगळ्यांनी बोला ना!” तिला घरी आणून नारळ खवायला बसवलं. पण खरं बोलली कार्टी.

६ मे

लुईसला वळवायला फुगे, म्हणजे मैद्याचे गोड गोळे, तळून नेले. त्याने सगळे खाल्ले. बोटं पुसत म्हणाला, “फुगे मस्त झालेत गो उर्सुला. पन मी हो म्हनलो ते म्हनलो. जल्मभर आडमुठा, आडमुठा ऐकलं. आता सुधरलो.”

फुगे वाया!

१० मे

बावखलाच्या काठावर बैठक. जयवंत पांढऱ्या बुटांत. लुईस उठून म्हणाला, “माजं हो. आता बाकीच्यांनी आपापल्या तोंडानं सांगा.”

सगळे पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागले. सॅन्टन तर नारळाच्या झाडाकडे असा बघत होता, जणू ते आजच उगवलंय. केळी, मोगरा, विहिरीचं गोडं पाणी — आमच्या भिडेपायी सगळं जाणार होतं.

जयवंत हसून म्हणाला, “मग ठरलं समजायचं?”

“नाही!”

मीच! शाळेत वर्ग गप्प करते त्या आवाजात! काठावरचे बगळे उडाले. मग घराघराला वाचा फुटली. “आमचंही नाही.” “आमचं पण नाही.” सॅन्टन म्हणतो, “मी हेच सांगणार होतो.” खोटारडा!

जयवंत बूट झटकत गेला. लुईस बाजूला उभा राहून हसत होता. इतका राग आला त्याचा! तशीच तरातरा घरी आले.

१९ मे

आज बावखलाचा गाळ काढायचा होता. पाच घरांची माणसं आली, लुईस नाही. असं कधी झालं नव्हतं. त्याच्या घरी गेले, तर कळलं इस्पितळात आहे.

तिथे गेले. डॉक्टरांनी ईस्टरच्या आधीच सांगितलं होतं म्हणे, यंदाचा पावसाळा निघणार नाही. घरात कुणाला बोलला नव्हता. मला रडू आवरेना.

“मी हाय तवर मी नाय म्हनेन, उर्सुला,” म्हणाला. “मी गेल्यावर कोन म्हनेल, तेवडं बघायचं होतं.”