तिकीट न काढणारं गाव

वडारमाळ, जि. नांदेड
६ जानेवारी २०२५

चि. आनंदराज यास अक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

वि. वि. पुनमच्या आईची तब्येत आता कशी आहे? फोनवर बोलायला गेलं की तुझे दाजी शेजारी येऊन उभे राहतात, म्हणून लिहिते. उत्तर लुंबिनीच्या कॉलेजच्या पत्त्यावर टाक.

आनंदा, आमचं ठेशन बंद होणार म्हणतात. सकाळची पॅसेंजर लुंबिनीला नांदेडला नेते, संध्याकाळची परत आणून सोडते. एवढ्यावर तिचं नर्सिंग चाललंय. गावाला एसटी नाही, हे तुला ठाऊकच आहे. दाजींनी साफ सांगितलं, गाडी हाय तवर कॉलेज, गाडी गेली की मुखेडच्या पाहुण्यांला होकार. तो माणूस तिच्याहून लई मोठा आहे आणि पहिली बायको त्यानं नांदवली नाही. तू लातूरच्या ठेशनात पार्सल हापिसात आहेस, कुणा साहेबाच्या कानावर घाल. नाहीच जमलं, तर भाचीला तुझ्याकडे ठेवून घे.

पोरांना माझे मुके.
तुझी भामाअक्का

लातूर
१४ जानेवारी

ति. अक्कास आनंदराजचा सा. जयभीम.

पत्र वाचून पुनमही रडली. पण पार्सलवाल्याचं साहेब ऐकतो असं तुला सांगितलं कुणी? तरी चौकशी केली. कागदावर तुमच्या हॉल्टवर माणूसच चढत नाही. चढेल कसा? तुझ्या सासऱ्यांनी मीटरगेजच्या काळात गाव गोळा करून मुरूम वाहिला, फलाट घातला, गाडी थांबवायला लावली, हे दाजी स्वतःच्या लग्नाच्या पंगतीतही सांगत होते. त्याच तोऱ्यात अख्खं गाव म्हणतं, आमच्या ठेशनावर आम्हाला कसलं तिकीट! ब्रॉडगेज आली, तोरा काही गेला नाही. तिकीट विकणारा वैजनाथ बिचारा खिडकीत माशा मारत बसतो. महिनाअखेरीस तपासणी आहे. त्या दिवशी गावानं रांगेत उभं राहावं, एवढाच उपाय दिसतो.

लुंबिनीला ठेवून घेणं मात्र जमणार नाही. दोन खोल्या, त्यातल्या एकीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शिवाय दाजींशी वैर कोण घेणार?

राग काढ, लोभ तेवढा राहू दे.
तुझा आनंदराज

वडारमाळ
३१ जानेवारी

चि. आनंदराज यास आशीर्वाद व जयभीम.

तपासणीला गाव आलं रे. दाजी दारोदार फिरून सांगून आले होते, माझ्या बापाचं ठेशन हाय, इज्जत ऱ्हायली पायजे. म्हातारे आले, बाळंतिणी आल्या. रांग थोडी सरकली आणि वैजनाथची तिकिटं संपली. मोठ्या ठेशनावरून त्याला खपतील तेवढीच मिळायची, आणि आमच्या गावात खप तो काय! लोक हातात पैसे धरून खिडकी ठोकत होते, वैजनाथ आत हात जोडून रडत होता. साहेब म्हणाले, विकली तेवढीच धरता येतात. सोमवारपासून गाडी थांबणार नाही.

दाजींनी घरी येऊन मुखेडला फोन लावला. रविवारी सुपारी फोडायची ठरली. मी पाया पडले, तर म्हणाले, बापाचं ठेशन गेलं, आता तू मला शिकवू नको.

आनंदा, मी फार घाबरले आहे. हे पत्र टपालात टाकलेलं नाही. उद्या लुंबिनी कॉलेजला म्हणून सकाळच्या गाडीत बसेल आणि नांदेडहून एसटीनं लातूरला येईल. पत्र तिच्याच हाती देते, म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा ती तुझ्या दारात उभी आहे. दाजी आले तर माझं नाव सांग. माझं काय व्हायचं ते होईल.

तुझं पत्र तिनंच आणून दिलं होतं, पण फोडलं नव्हतं. मघाशी कपडे भरताना विचारत होती, मामानं खरंच बोलावलंय का म्हणून. मी हो म्हणाले.

पुनमला माझा नमस्कार सांग, तिच्या पदरात पोर घालते आहे.
तुझी अक्का