शाल आधी, पाहणी नंतर

नाशिक, मंगळवार, संध्याकाळ

आजही शाल आधी आणि पाहणी नंतर. प्राचार्य माझाच जुना विद्यार्थी. ‘सर, आपलं कॉलेज आंतरराष्ट्रीय झालं एवढं अहवालात लिहा,’ म्हणत त्याने ती खांद्यावर घातली. भिंतभर परदेशी विद्यापीठांशी केलेल्या करारांच्या फ्रेमा. त्यांतून आजवर कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, हेही त्यानेच कबूल केलं. मग? उच्च शिक्षणाच्या धोरणावर जन्मभर संशोधन केलं, ते फ्रेमा बघायला?

मेसमध्ये मात्र पाय थबकले. केनियाहून आपल्या हिमतीवर शिकायला आलेली मुलगी भाकरी थापत शाळेतली कविता म्हणत होती, आमच्या तिसरीच्या गुरुजींच्याच चालीत! शिकवली कुणी? स्वयंपाकाच्या ताराबाईंनी, हरसूलच्या.

‘पोरीला लय एकटं वाटायचं, सर. मला येत व्हती तेवढी दिली.’

अहवालात करारांपुढे ‘फक्त कागदावर’ लिहिलं. ताराबाईंचं नाव पहिल्या पानावर. प्राचार्य रुसेल. रुसू दे, वर्गातही रुसायचा.

शाल अजून खुर्चीवरच आहे. उद्या परत नेऊन त्याला सांगणार: ही ताराबाईंच्या खांद्यावर घाल, आता पाहणी झाली आहे.