कमी खर्चात थांबणारी गाडी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.

ही आजही बसने गेली.

कारण विचारलं तर म्हणाली, वॉर्डात वेळेवर पोचायचं असतं. माझ्या लाल, दोन दरवाजांच्या, टर्बो गाडीपेक्षा बस लवकर पोचते म्हणणारी ही जगातली पहिलीच नर्स असावी. गाडी सेकंडहँड आहे, मान्य. पण सिग्नलला उभी असली की शेजारचे लोक काच खाली करून बघतात. सायलेन्सर फुटलाय म्हणून बघतात, असं हिचं मत. असो.

खरं कारण मला पक्कं माहीत आहे. गेल्या गुरुवारी मोठ्या चौकात पुढची बस अचानक थांबली. म्हणजे स्टॉपवरच थांबली, पण अचानक. मी तेव्हा हिला टर्बो कसा चालतो ते हातवारे करून समजावत होतो. ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण बसच्या मागची जाहिरात चष्म्याशिवाय वाचता येईल इतकी जवळ जाऊन. हिच्या मांडीवरचा डबा उडाला आणि भाजी काचेला लागली. हिने रुमाल काढून काच पुसली. दुसऱ्या दिवसापासून बस.

निष्कर्ष उघड आहे. ब्रेक कमी पडतात. मी विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम बघतो, दिवसभर लोकांचे अपघात वाचतो. मला एवढं कळणार नाही तर कुणाला कळणार?

संकल्प: ब्रेक अपग्रेड. कमीत कमी खर्च, जास्तीत जास्त ब्रेक. हिला आधी काही सांगायचं नाही. एके दिवशी नुसतं दार उघडून धरायचं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात दिवसभर इंटरनेटवर ब्रेकचा अभ्यास. क्लेम थोडे साचले. साचू देत.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन. हिचा धाकटा भाऊ. त्याला बोलता बोलता सांगून बसलो. म्हणाला, भावोजी, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका. साध्या रस्त्यासाठी चांगले पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि बरे टायर, एवढं पुरतं.

मेहुण्याची गाडी रिव्हर्स घेताना आपोआप शिट्टी मारते आणि हा तिचं ऐकतो. असल्या माणसाकडून मी ब्रेकबद्दल शिकायचं?

६ फेब्रुवारी, गुरुवार

गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाल्याने मोठ्या ब्रेकच्या सेटचा खर्च सांगितला. मी खुर्चीत नीट टेकलोही नव्हतो, तसाच उठलो. बाहेर येताना पाहिलं, त्याची स्वतःची गाडी उतारावर चाकाला वीट लावून उभी होती.

स्वतःच करणार. हात आहेत, पाने आहेत, बुद्धी आहे.

घरी आलो तर ही सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. बसमध्ये उभं राहून पाय दुखतात म्हणाली. मनात म्हटलं, थोडे दिवस थांब.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस मोठा. भंगारवाल्याकडे माझ्या गाडीच्याच कंपनीने बनवलेली मोठी, वजनदार गाडी सापडली. मागून ठोकलेली, पुढचा भाग शाबूत. तिच्या पुढच्या चाकांचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरणारे ते लोखंडी हात, माझ्या गाडीच्या कॅलिपरच्या दीडपट. भंगारवाला म्हणाला, साहेब, आईबाप एकच आहेत, बसणारच. डिस्कसकट घेतले. माझे जुने परस्पर त्यालाच देऊन टाकायचं ठरलं, तेवढीच बचत.

मी घाईगडबड करणारा माणूस नाही. काढण्याआधी गाडीसमोर नीट उभा राहिलो आणि दोन्ही कॅलिपरना चिठ्ठ्या चिकटवल्या. 'डावा'. 'उजवा'. मोठ्या अक्षरात. लोकांच्या चुका होतात त्या अशा ठिकाणी.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

बसले! चिठ्ठी बघायची आणि बसवायचे. सगळे नट एका फटक्यात लागले. गॅरेजवाले कशाचे पैसे घेतात कोण जाणे. जुने कॅलिपर भंगारवाला येऊन घेऊनही गेला.

हिला कळलं. ब्रेक ऑइलचे हात मी तिच्या पांढऱ्या टॉवेलला पुसले होते. रागावेल वाटलं होतं. फक्त म्हणाली, म्हणजे गाडीचं काहीतरी चाललंय तर.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

पाइपांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने चाकाशी बसून कॅलिपरचा छोटा स्क्रू ढिला करायचा, हवा बाहेर आली की घट्ट करायचा. हिला बसवलं. मी खालून ओरडायचो, दाब. धर. सोड. पुन्हा दाब. ही चपला काढून, मांडीवर पेपर घेऊन दाबत होती. कोडं सोडवत होती, असं नंतर कळलं.

ब्रेक ऑइलची अख्खी बाटली संपली. तरी पॅडल पायाखाली उशीसारखं मऊ. हिचा पाय हलका पडत असणार. तसं बोलून दाखवलं. चूक झाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा हवा काढली. दुसरी बाटली संपली. पॅडल तसंच.

ही खाली उतरून चाकाशी वाकली आणि म्हणाली, हा स्क्रू खाली का आहे? सलाइनच्या नळीत हवा असली की ती वर चढते. तुझी हवा वरच अडकली असेल. मी तिला हायड्रॉलिक्स थोडक्यात समजावलं. थोडक्यात म्हणजे अर्धा तास. ऐकून घेतलं. मग कॅलिपरवरची चिठ्ठी बघून म्हणाली, हे डावं कुणाचं डावं? मी म्हटलं, डावं म्हणजे डावं, त्यात कुणाचं काय? म्हणाली, आमच्याकडे डावं म्हणजे पेशंटचं डावं. समोर उभं राहून आपलं डावं धरलं तर भलत्याच गुडघ्याचं ऑपरेशन होईल.

मी हसलो. गाडी म्हणजे काय पेशंट आहे?

एक मात्र खरं. ही दाब-सोड करता करता वॉर्डातलं सांगत होती. एक आजोबा रोज सकाळी तिलाच घरी कधी सोडणार विचारतात, आणि घरचे न्यायला आले की झोपेचं सोंग घेतात. पूर्वी हे सगळं मी सकाळी गाडीत ऐकायचो. बऱ्याच दिवसांनी ऐकलं. चाकाशी वाकून बसलेला होतो, उठावंसंच वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत एकदम डोक्यात वीज चमकली. भंगारवाल्याकडे मी गाडीकडे तोंड करून उभा होतो! म्हणजे माझं डावं ते गाडीचं उजवं. कॅलिपर उलटसुलट बाजूंना बसलेत, म्हणून स्क्रू खाली गेलाय आणि हवा वर कोंडलीय. हे असं सुचावं लागतं. ते पुस्तकात मिळत नाही.

घरी येऊन अदलाबदल केली, हवा काढली. पॅडल दगडासारखं कडक!

हिला माझा शोध सविस्तर सांगितला. म्हणाली, अरे वा. मनाची मोठी आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आता पॅड, म्हणजे कॅलिपरच्या चिमटीतले, डिस्कवर घासून चाक थांबवणारे तुकडे. साधे पॅड घालणं म्हणजे एवढ्या मेहनतीचा अपमान. रेसच्या ट्रॅकवरचे पॅड ऑनलाइन निम्म्या भावात मिळाले, कुणीतरी परत केलेले होते. का परत केले असतील? लोकांना पारख नसते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कारण कळलं. हे पॅड गरम झाल्याशिवाय धरतच नाहीत. सकाळी पहिल्या सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी विचार करत करत पुढे गेली. पांढरी रेघ ओलांडली. पुढे पाच-सहा वेळा दाबल्यावर पॅड तापले, मग असे धरले की माझी टोपी पुढच्या काचेवर. शिवाय किंचाळतात. ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरलो तर सुरक्षारक्षक शिट्टी वाजवत धावत आला. त्याला वाटलं कुणाचं तरी मांजर चाकाखाली आलं.

घाबरायचं कारण नाही. उपाय सोपा. निघण्याआधी पॅड गरम करायचे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ब्रेकवर पाय ठेवून कॉलनीला फेऱ्या मारल्या. कुत्रा फिरवणाऱ्या काकू प्रत्येक फेरीला भेटल्या. शेवटी त्यांनीच हात करून थांबवलं आणि विचारलं, पत्ता शोधताय का? मी म्हटलं, इथेच राहतो. त्या म्हणाल्या, अरे देवा, आणि कुत्र्याला जवळ ओढून घेतलं.

पण पॅड उत्तम तापले. उद्या हिला बोलावणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फेऱ्या मारून, पॅड तापवून, बरोबर हिच्या बसस्टॉपसमोर गाडी उभी केली. किंचाळी अशी उठली की रांगेतले सगळे दोन पावलं मागे सरले. ही सुद्धा. मी आतून दार उघडलं. ही वाकून म्हणाली, अरे, बस आलीच. आणि चढली. खिडकीतून हात केला.

मग मी बसच्या मागोमाग हॉस्पिटलपर्यंत गेलो. पॅड तापलेलेच होते, वाया का घालवायचे? ही कुठल्या खिडकीत बसलीय ते बघत होतो. मधल्या एका स्टॉपला बस अचानक थांबली. पॅड गरम होते म्हणून निभावलं, नाहीतर आजचा क्लेम माझ्याच टेबलावर माझ्याच नावाने आला असता.

ऑफिसला उशीर. कामात लक्ष नाही. शेजारची ती सीट रिकामी असते ते बरं वाटत नाही, हे आज इथे लिहून टाकतो. इथे कोण वाचणार आहे?

२३ फेब्रुवारी, रविवार

रेसचे पॅड काढले. रस्त्यासाठीचे साधे, चांगले पॅड घातले. ब्रेक ऑइल ताजं भरलं. पुढचे दोन टायर झिजले होते, तेही बदलले.

मेहुण्याने सांगितलं ते हेच, असं हिचं म्हणणं. अजिबात नाही. त्याने अंदाजाने सांगितलं होतं. मी प्रयोगांती इथे आलो आहे.

खर्चाचा हिशोब मांडायला बसलो होतो. मग उठलो. गॅरेजवाल्याचा आकडा आठवला आणि त्याच्याबद्दल थोडा आदर वाटला.

१ मार्च, शनिवार

गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर चाचणी. काय सांगू! पाय ठेवला की गाडी जिथल्या तिथे. ना किंचाळी, ना विचार करणं. पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली. एकदा समोर काहीच नव्हतं तरी थांबवली, नुसती हौस म्हणून. मागून येणारा सायकलवाला जे बोलला ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी हिला विचारलं, सोमवारी येशील? म्हणाली, येते.

रविवारी गाडी दोनदा धुवायची.

३ मार्च, सोमवार. सकाळी ऑफिसात.

गाडी चकचकीत. मी खाली जाऊन डावीकडचं दार उघडून धरलं. ही आली, थँक्यू म्हणाली, गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली आणि हात पुढे केला. चावी दे.

हिला गाडी येते. लग्नाआधी वडिलांची चालवायची. मध्ये हा विषय निघालाच नाही, मीच काढला नाही. दार उघडून उभाच होतो, तेव्हा मीच आत बसलो.

कोपऱ्यावरचं वळण गेल्यावर म्हणाली, ब्रेक छान झालेत. मी म्हटलं, मग? महिनाभर भीती तरी कशाची वाटत होती? समोर बघतच म्हणाली, ब्रेकची भीती कधीच वाटली नाही. तू बोलायला लागलास की रस्त्याकडे बघतच नाहीस, माझ्याकडे बघतोस. बघतोस ते आवडतं मला. पण ते घरी बघत जा.

टर्बोचा विषय मी काढला नाही.

मग तिने वॉर्डातलं सांगायला सुरुवात केली. ते आजोबा अखेर घरी गेले, जाताना सगळ्या नर्सना दटावून गेले. मी हसत होतो. हसता हसता लक्षात आलं, माझा उजवा पाय समोरच्या मॅटवर जोरात दाबलेला आहे. मोठा चौक आला होता. पुढे बस. बसचे मागचे दिवे लागायच्या आतच हिने पाय हलकेच ब्रेकवर ठेवला होता, आणि गाडी इतकी अलगद थांबली की मला कळलंही नाही. मध्ये आणखी एक गाडी मावली असती. एवढं थांबणं माझ्या जुन्या ब्रेकनाही सहज जमलं असतं.

हे मी तिला सांगणार नव्हतो. ते तीच म्हणाली.